स्कॉटलंडहून आलेल्या खापरपणजीचा माग: माहेरचं नाव धरा आणि मागे चला

घरात कॅनडातली सून किंवा अमेरिकेतला जावई आला की कधी ना कधी हा विषय निघतोच. पोरांना शाळेत फॅमिली ट्रीचं प्रोजेक्ट मिळतं, आपल्या बाजूचं गोत्र, कुलदैवत, मूळ गाव सगळं धडाधड लिहून होतं आणि दुसऱ्या बाजूला काय, तर 'ग्रँडमाची आजी स्कॉटिश होती' एवढं एकच वाक्य. माझ्या सासूबाई ऑन्टॅरिओतल्या, त्यांच्या आईकडची सगळी मंडळी स्कॉटलंडहून आलेली, त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं आणि आता ओळखीतली चार घरं मलाच विचारतात की सुरुवात कुठून करायची. म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, बाईचा माग काढायचा म्हणजे अवघड, हे डोक्यातून काढून टाका. नाशिक-त्र्यंबकला उपाध्यांच्या वह्या बघितल्या असतील तर माहितीय, पुरुषांची सात-आठ नावं ओळीने सापडतात आणि बायका कुठे आहेत ते शोधावं लागतं. स्कॉटलंडचं उलट आहे. तिथे कायद्याच्या दृष्टीने बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही सुटत नाही. जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव, लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आयांची माहेरची आडनावं, मृत्यूच्या नोंदीतसुद्धा मेलेल्या माणसाच्या आईचं माहेरचं आडनाव. शेजारच्या इंग्लंडात लग्नाच्या दाखल्यावर कित्येक वर्षं फक्त बापाचं नाव यायचं. त्यामुळे स्कॉटिश बाई सापडली की तिची आई सापडते, आणि आई सापडली की आजी.

आधी स्कॉटलंडची साइट उघडायची नाही

सगळे हीच घाई करतात. 'जेनेट मॅकडोनाल्ड' टाइप केलं की शेकड्यांनी जेनेट मॅकडोनाल्ड येतात आणि मग त्यातली एक आवडली म्हणून आपली मानली जाते. असं करू नका. समुद्र ओलांडायच्या आधी हातात तीन गोष्टी पाहिजेत: तिचं माहेरचं आडनाव, जन्माचं साल दोन-चार वर्षं इकडेतिकडे, आणि पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव. नुसतं 'स्कॉटलंड' चालत नाही, नुसतं 'हायलँड्स', म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख, तर अजिबातच नाही.

हे तिन्ही सापडतात ती ज्या देशात आली तिथल्या कागदात. घरातून सुरुवात करा. जुनं बायबल असेल तर पहिल्या नाहीतर मधल्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहिलेले असतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेले जुने फोटो असतील तर फोटो मागून आणि खालून बघा, स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं, ग्रीनॉक म्हणा, डंडी म्हणा, तेवढ्यावरून शोधाची दिशा ठरते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशीशी बोला आणि ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहून घ्या, आपल्या डोक्याने दुरुस्त न करता. 'कुठल्यातरी बेटावर मासे खारवायची' असं काही ती बोलून गेली तर ते सोनं आहे, कारण हेरिंग माशांच्या हंगामात पोरी गावोगावच्या बंदरांवर कामाला जायच्या.

मग सरकारी कागद. मी कॅनडाचं सांगते कारण तेच मला चांगलं माहितीय. ऑन्टॅरिओत जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८६९ ला सुरू झाली आणि तिथली लग्नाची नोंद फार कामाची, कारण नवरानवरीचं जन्मस्थान आणि आईबापांची नावं असतात. नोव्हा स्कोशियाच्या जुन्या नोंदी तिथल्या अर्काइव्हजच्या साइटवर फुकट बघता येतात. कॅनडाच्या १९०१ च्या सेन्ससमध्ये देशात कुठल्या साली आलात हा प्रश्न आहे, आणि १९३१ चा सेन्सस २०२३ मध्ये खुला झाला, तोही बघून घ्या. मृत्यूचा दाखला मात्र सांभाळून वाचायचा, माहिती देणारा बहुतेक वेळा मुलगा नाहीतर जावई, त्याला बिचाऱ्याला सासूच्या आईचं नाव कुठून माहीत असणार, तो अंदाजाने काहीतरी सांगतो.

थडगी विसरू नका. स्कॉटिश लोकांना दगडावर गाव कोरायची भारी हौस, 'अमुक पॅरिश, अर्गाइलशायर इथली' असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं, आणि शेजारच्या चार थडग्यांवर तेच पॅरिश दिसलं तर समजायचं अख्खी वाडीच उठून आली होती. फाइंड अ ग्रेव्ह आणि बिलियन ग्रेव्ह्ज या साइटवर फोटो असतात, पण शेजारचे दगड बघायला प्रत्यक्ष गेलेलं बरं.

इथे एक सापळा आहे. या लोकांनी नव्या देशात जुनीच नावं ठेवली. पर्थ ऑन्टॅरिओत आहे, लॅनार्क काउंटी तिथेच, पेझ्लीसुद्धा तिथे, इन्व्हर्नेस आणि न्यू ग्लासगो नोव्हा स्कोशियात. त्यामुळे 'जन्म: पर्थ' वाचून लगेच पर्थशायरला पोचू नका, कदाचित बाई ओटावापासून तासाभराच्या अंतरावर जन्मली असेल.

जहाजाच्या मागे किती लागायचं

फार नाही. सगळ्यांना जहाजाचं नाव पाहिजे असतं, सांगायला छान वाटतं, पण कॅनडाच्या बाबतीत १८६५ च्या आधीच्या प्रवाशांच्या सलग याद्याच नाहीत, आणि ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांच्या ज्या याद्या टिकल्या त्या मुख्यतः १८९० ते १९६० च्या. त्याच्या आधी आलेली बाई असेल तर जहाज सापडलं तर नशीब, नाही सापडलं तर काही बिघडत नाही. काही गटांच्या नोंदी वेगळ्या आहेत. बटाट्याच्या दुष्काळानंतर हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटीने १८५२ ते १८५७ मध्ये जवळपास ५००० लोक ऑस्ट्रेलियाला पाठवले, त्यांची रजिस्टरं कुटुंबासकट आहेत. न्यूझीलंडला ओटागोची वसाहत १८४८ ला जॉन विक्लिफ आणि फिलिप लेंग या दोन जहाजांनी सुरू झाली.

आणि खापरपणजी लहान वयात, एकटीच, आईबापांशिवाय आलेली दिसली तर 'होम चिल्ड्रन' हा शब्द लक्षात ठेवा. ब्रिटनमधून १ लाखाच्या वर मुलं अशी कॅनडाला शेतावर आणि घरकामाला पाठवली गेली, स्कॉटलंडमधून ब्रिज ऑफ विअरच्या क्वारियर संस्थेनेच हजारो पाठवली. घरात याबद्दल कोणी बोलत नसतं, लाज वाटायची. लायब्ररी अँड अर्काइव्हज कॅनडाकडे त्यांची नावानिशी यादी आहे.

विसाव्या शतकातली बाई असेल तर मात्र याद्या खूप बोलतात. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण द्यायचं तर डोनाल्ड ट्रम्पची आई, मेरी ॲन मॅक्लाउड. लुइस बेटावरच्या टाँग गावात १९१२ चा जन्म, घरात गेलिक भाषा, बाप मच्छीमार, आणि १९३० च्या मे महिन्यात ट्रान्सिल्व्हेनिया नावाच्या बोटीने न्यूयॉर्क. १९४० च्या अमेरिकन सेन्ससमध्ये तिचं नागरिकत्व झालंय असं लिहिलंय, प्रत्यक्षात ते मिळालं १९४२ ला. सेन्ससवाल्याला घरातलं जे कोणी भेटलं त्याने सांगितलं ते त्याने लिहिलं, इतकंच. कुठलाही एक कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नाही.

आता स्कॉटलंड

पॅरिश हातात आलं की स्कॉटलंड्सपीपल. ही नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडची सरकारी साइट, अकाउंट फुकट, शोधणं बहुतांशी फुकट, मूळ पानाचा फोटो उघडायला क्रेडिट लागतात, साधारण दीड पौंड एका पानाला. बाकीच्या मोठ्या पेड साइट्सवर स्कॉटिश सेन्ससची नुसती उतरवून घेतलेली माहिती मिळते, मूळ पान नाही, म्हणून तिकडे वर्षाचं सबस्क्रिप्शन घेण्याआधी इथे चाळीस-पन्नास पौंड घाला, जास्त मिळेल. फॅमिलीसर्च फुकट आहे, तिथे आधी अंदाज घ्यायचा आणि मग इथे येऊन पान विकत घ्यायचं, हे सगळ्यात स्वस्त पडतं.

जन्म १०० वर्षं, लग्न ७५ आणि मृत्यू ५० वर्षं जुना झाल्याशिवाय फोटो ऑनलाइन दिसत नाही. अलीकडचा हवा असेल तर दाखला मागवायचा.

लक्षात ठेवायचं साल एकच, १८५५. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या वर्षी त्यांनी उत्साहाच्या भरात इतकं विचारलं की बस्स. जन्माच्या नोंदीत आईबापांचं वय, त्यांचं जन्मस्थान, लग्न कधी कुठे झालं, आधीची मुलं किती. मृत्यूच्या नोंदीत मुलांची नावं आणि वयं. रजिस्ट्रार लोक वैतागले आणि १८५६ ला बरंच काही काढून टाकलं. आईबापांच्या लग्नाची तारीख आणि जागा जन्माच्या नोंदीत परत आली १८६१ पासून. म्हणून युक्ती अशी की तुमची बाई १८५५ ची नसली तरी तिचा एखादा भाऊ, बहीण, चुलता त्या साली जन्मला किंवा मेला का ते बघा. आपला सख्खा पूर्वज सोडून बाजूच्या माणसाचा दाखला विकत घेणं जिवावर येतं, पण कोडं तिथेच सुटतं.

स्कॉटिश जन्मनोंदीत जन्माची वेळ असते. तास-मिनिटांसकट, सकाळ की संध्याकाळ तेही. हे मी एका काकूंना सांगितलं तर त्यांनी सुनेच्या खापरपणजीची पत्रिकाच मांडायला घेतली.

लग्नाची नोंद कशी वाचायची ते जरा सावकाश सांगते कारण एका पानात सगळ्यात जास्त माल तिथे असतो. डावीकडे पहिल्या रकान्यात तारीख, जागा आणि कुठल्या पद्धतीने लग्न लागलं ते, 'बॅन्स (लग्नाची चर्चमधली जाहीर घोषणा) पुकारल्यावर फ्री चर्चच्या रीतीप्रमाणे' असं काहीतरी. मग दोघांच्या सह्या, सही येत नसेल तर फुली आणि बाजूला 'तिची खूण'. खाली धंदा, बाईसाठी घरकाम करणारी, मागावर काम करणारी असं, आणि कुमारिका की विधवा. मग वय, राहतं ठिकाण. त्याच्या पुढच्या रकान्यात बापाचं नाव आणि धंदा, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, आणि कोणी वारलं असेल तर नावाखाली 'मयत'. या एका शब्दावर डोळा ठेवा, कारण मुलीच्या लग्नात आई हयात आणि दोन वर्षांनी मुलाच्या लग्नात मयत असेल तर आईचा मृत्यू त्या दोन वर्षांत, शोध एकदम लहान होतो. साक्षीदारही सोडू नका, ते बहुधा बहीण, मेहुणा नाहीतर मैत्रीण असतात.

पहिल्या रकान्यात चर्चऐवजी 'साक्षीदारांसमोर जाहीर करून' आणि शेरिफच्या, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाच्या, वॉरंटचा उल्लेख दिसला तर दचकू नका. स्कॉटलंडात १९४० पर्यंत असं दोन साक्षीदारांपुढे 'आम्ही नवराबायको' म्हटलं की लग्न कायदेशीर व्हायचं. पळून जाऊन केलं असेल असं नाही, शहरात कित्येक लोक खर्च वाचवायला असंच करायचे.

मृत्यू शोधताना लग्न झालेली बाई माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांखाली इंडेक्समध्ये असते. दोन्ही आडनावं एकत्र टाकून शोधलंत तर पाच मिनिटांत काम होतं.

नावांचा गोंधळ

आडनावाच्या सुरुवातीचा मॅक, मॅकमधला 'ए' गाळलेला, नुसता एम आणि वर टिंब, सगळं एकच. शोधताना स्पेलिंग सैल ठेवायचा पर्याय आहे तो वापराच. बायकांची पहिली नावं मात्र जास्त छळतात. जेनेट, जेसी आणि जीन ही एकच बाई असू शकते. इझाबेला म्हणजे बेला, एल्स्पेथ म्हणजे एलिझाबेथ, अ‍ॅग्नेस म्हणजे नॅन्सी, युफेमिया म्हणजे एफी, हेलन म्हणजे एलन किंवा नेली, मोराग कागदावर मॅरियन नाहीतर सारा होते. गेलिक घरातलं नाव वेगळं आणि पाद्रीबुवांनी इंग्रजीत लिहिलेलं वेगळं, त्यामुळे होतं हे.

मुलांची नावं ठेवायची रीत उपयोगी पडते. थोरला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. आपल्याकडेही आजीआजोबांची नावं ठेवतातच, त्यामुळे हे पटकन कळतं. पण हा इशारा समजायचा, पुरावा नाही, सगळी घरं काही रीत पाळायची नाहीत.

सेन्सस

१८४१ पासून दर १० वर्षांनी, १९२१ पर्यंतचा बघता येतो. १८४१ चा जरा पांगळा आहे, १५ वर्षांवरच्या लोकांचं वय बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली उतरवलेलं, म्हणजे ३४ ची बाई ३० ची दिसते, आणि कोण कोणाचं कोण तेही लिहिलेलं नाही. खरी मजा १८५१ पासून, तिथे जन्माचं पॅरिश येतं. १८६१ पासून घरात खिडकी असलेल्या खोल्या किती हा रकाना आहे, नऊ माणसं आणि खिडकीची खोली एक असं वाचलं की ते लोक देश सोडून का गेले ते वेगळं सांगावं लागत नाही. १९११ ला लग्न झालेल्या बायकांना विचारलंय की लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यातली जिवंत किती. तुम्हाला चारच मुलं सापडली आणि तिथे सात लिहिलीत तर तीन अजून शोधायची आहेत.

१८५५ च्या मागे

इथून पुढे जुनी पॅरिश रजिस्टरं, सगळ्यात जुनं पर्थशायरच्या एरलचं, १५५३ चं. पण १५५३ वाचून हुरळून जाऊ नका, बहुतेक ठिकाणी इतकं मागे काही नाही, आणि हायलँड्स आणि बेटांवर तर १८०० च्या आसपासच रजिस्टर सुरू होतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं नाव असतं बऱ्याचदा, कधी कधी पाद्रीबुवा नुसतं बापाचं लिहून मोकळे होतात.

नोंद नाही सापडली तर दोन कारणं आधी तपासा. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर होता, गरिबांनी नोंदच केली नाही. आणि १८४३ ला चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं, मोठा गट बाहेर पडून फ्री चर्च झालं, त्यामुळे त्यानंतरच्या बारा वर्षांत तुमचं कुटुंब सरकारमान्य चर्चच्या वहीत नसणं अगदी शक्य आहे. फुटलेल्या चर्चची आणि कॅथलिकांची रजिस्टरं त्याच साइटवर वेगळ्या नावाखाली आहेत, वेगळं शोधावं लागतं, आपोआप येत नाहीत.

बाप कोण हेच कळत नसेल तर कर्क सेशनची, म्हणजे गावच्या चर्चच्या पंचमंडळाची, मिनिट्स. चर्चचे वडीलधारे लग्नाआधी गरोदर राहिलेल्या पोरीला बोलावून बापाचं नाव विचारायचे आणि सगळं वहीत लिहून ठेवायचे. वाचताना संताप येतो, पोरीला सगळ्यांसमोर उभं करायचे, पण नाव तिथेच मिळतं. या वह्यांची पानं स्कॉटलंड्सपीपलवर फुकट चाळता येतात, इंडेक्स नाही, हस्ताक्षर जुनं, त्यामुळे निवांत रविवार लागतो. १८५५ नंतरचं प्रकरण असेल तर जन्माच्या नोंदीच्या कडेला दुरुस्ती रजिस्टरचा उल्लेख आहे का बघा, बाईने कोर्टात जाऊन बापाचं नाव लावून घेतलेलं असू शकतं.

गाव सापडलं की नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवरचे जुने नकाशे उघडा, फुकट आहेत आणि इतके बारीक की एकेक शेतघराचं नाव दिसतं. एकाच नावाची पॅरिश अनेक असतात, कर्कमायकल एअरशायरमध्ये आहे, बॅन्फशायरमध्ये आहे, डम्फ्रिसशायर आणि पर्थशायरमध्येही आहे, म्हणून काउंटी लिहिल्याशिवाय टिपण करूच नका. त्याच्या जोडीला १७९० आणि १८३० च्या दशकांतल्या पाद्र्यांनी आपापल्या पॅरिशची लिहिलेली स्टॅटिस्टिकल अकाउंट्स वाचा, मजुरी किती, पीक काय, किती लोक अमेरिकेला निघून गेले, सगळं आहे.

कशावर विश्वास ठेवायचा

दुसऱ्यांनी ऑनलाइन बनवलेली ट्री वाचा पण कॉपी करू नका. एकाने चुकीची जेनेट लावली की पन्नास जण तीच उचलतात आणि मग पन्नास ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार असं वाटायला लागतं. माझा नियम, दोन वेगवेगळे कागद एकच गोष्ट सांगत असतील तरच शाईने, नाहीतर पेन्सिलने. आडनावावरून क्लॅन (घराणं), टार्टन (त्या घराण्याचं चौकटीचं कापड), बोधचिन्ह विकणारी दुकानं आहेत, मफलर घ्या हवा तर, छान ऊबदार असतो, पण त्यावरून वंशावळ ठरत नाही. जमीनदाराचं आडनाव कुळांनीही लावलेलं असायचं.

डीएनए टेस्ट शेवटी. आधी कागद, मग टेस्ट, म्हणजे चौथ्या नात्यातला कोणी ओटागोहून जुळला तर कुठल्या फांदीवर बसवायचा ते कळतं. आणि टेस्ट घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची करा, सुनेची नाही, तिच्या आजीची, त्यांच्यात त्या पिढीचा वाटा जास्त असतो. हो, आणि आधी त्यांना नीट विचारा, टेस्टमधून असं काही बाहेर येतं जे घरात कोणाला माहीत नव्हतं.

आपल्या बाजूचा एक धागा पण आहे. या कुटुंबांतला एखादा भाऊ सैन्यात, रेल्वेत नाहीतर मिशनमध्ये मुंबई इलाख्यात आलेला निघतो. इथली बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींची प्रत लंडनला जायची, ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि फाइंडमायपास्ट या पेड साइटवर दिसते, ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस नावाच्या संस्थेचा इंडेक्स फुकट आहे. काळा घोड्याजवळचं सेंट अँड्र्यूज हे स्कॉटिश चर्च, शिवडीचं ख्रिश्चन कब्रस्तान, ही ठिकाणं मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकाला बघून यायला सांगता येतात, तिकडच्या लोकांना हे जमणार नाही.

एडिंबरोला जायचा योग आला तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला जनरल रजिस्टर हाउसमध्ये स्कॉटलंड्सपीपल सेंटर आहे. दिवसाची फी भरली की एकेका पानाचे क्रेडिट मोजावे लागत नाहीत, आणि ऑनलाइन न दिसणाऱ्या अलीकडच्या नोंदीही स्क्रीनवर बघता येतात. जागा आधी बुक करा आणि यादी घरून करून न्या: कोण, कुठलं पॅरिश, कुठली पाच वर्षं. किल्ला बघायचा तर तो दुसऱ्या दिवशी ठेवा, इथून दुपारी कोणी उठत नाही.